कुलूप लावलेल्या घरातली प्रार्थना

ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी आमच्या ख्रिस्ती वस्तीत क्रुसाची वाट घरोघरी फिरते. ज्याची पाळी असेल त्याच्या घरी लाकडी क्रूस येतो, दिवेलागणीला सगळे जमतात, येशूच्या दुःखाचं एकेक स्थान म्हणतात आणि मग कोऱ्या चहावर नि मुरमुऱ्यांवर उपवास सुटतो. त्या शुक्रवारी पाळी माझी होती आणि मला कोणी घरात यायला नको होतं.

का, ते सांगायची लाज वाटते, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, ते रडणं केव्हाच रडून झालं होतं. लेक पुण्यात सुखात आहे. तरी दिवाळीपासून मन मेलं होतं. सकाळी उठायचं जिवावर येई. प्रार्थनेला बसले की भिंतीशी बोलल्यासारखं वाटे. माजलगावच्या डॉक्टरांनी बीडच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दिलेल्या गोळ्या मी तांदळाच्या डब्यात लपवल्या, जणू गावातलं कोणी माझे डबे तपासायला येणार होतं.

आणि मी कोण? जन्मभर शाळेत शिकवलेली, वस्तीतल्या प्रार्थनेची मुकादम. कोणाचं वाचन चुकलं की भर प्रार्थनेत दुरुस्त करणारी. कोणाच्या घरी दुःख झालं की ‘देव पाठीशी आहे, रडू नका’ असं सुनावून येणारी. त्या लोकांनी मला हाकलून कसं दिलं नाही, याचं आता नवल वाटतं.

शुक्रवारी दुपारी घराकडे पाहिलं. मोरीत भांड्यांचा ढीग, केर किती दिवसांचा कोणास ठाऊक, अंगावर कालचंच लुगडं. मग मला शहाणपण सुचलं. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलं, शेजारच्या गोठ्याला वळसा घातला आणि परसदाराने आत आले. साठी उलटलेली बाई, शेणातून लुगडं सावरत, स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरले. गोठ्यातल्या म्हशीनेसुद्धा मान वळवून पाहिलं.

दिवा लावला नाही, पंखाही बंद ठेवला. पुढच्या दाराला टेकून जमिनीवर बसून राहिले. थोड्या वेळाने पावलं वाजली.

“कुलूप हाय की,” कोणीतरी म्हणालं.

सुटले एकदाची, असं मला वाटलं. पण बाहेर कोणी हलेना. उलट गोणपाट अंथरल्याचा आवाज आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि फड संपल्याशिवाय परतत नाहीत. उपवासकाळात वस्तीत कुलपं असायचीच. मागे लोक अशी बंद घरं गाळून पुढे जाऊ लागले, तेव्हा मीच भांडले होते. कुलूप दिसलं तरी घर चुकवायचं नाही, क्रूस उंबऱ्याशी टेकवायचा आणि घरातले जिथं असतील तिथं त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. हा माझा नियम, आणि माझ्या धाकाने तो इतकी वर्षं कोणी मोडला नव्हता. मी मात्र विसरले होते.

क्रूस दाराला टेकला तो माझ्या डोक्यामागेच. माझ्या जागी मावशी पुढे म्हणू लागल्या. मावशी म्हणजे वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, गुडघे गेल्यापासून तोडीला न जाणारी. दोन ठिकाणी त्यांनी स्थानांची अदलाबदल केली आणि तशा अवस्थेतही दुरुस्त करायला माझी जीभ वळवळली. ही माझी भक्ती!

येशू क्रुसाखाली पहिल्यांदा पडतो त्या स्थानाशी मावशी थांबल्या. तोडीला गेलेल्यांसाठीची प्रार्थना तिथंच म्हणायची असते.

“देवा, या घरातलं माणूस जिथं कुठं आसंल तिथं जा. फडात आसंल तर फडात जा. अंधारात आसंल तर अंधारात त्येच्यापाशी बस. ते घरी येस्तोर उठू नको.”

तोडकऱ्यांसाठीची नेहमीची प्रार्थना त्यांनी जशीच्या तशी मला लावली होती. पण त्या खोलीत मी एकटी नाही, असं दिवाळीनंतर पहिल्यांदाच वाटलं. उजेड वगैरे काही पडला नाही. कोणीतरी माझ्या शेजारी, त्या न काढलेल्या केरात येऊन बसलं होतं, आणि त्याला माझं सगळं दिसत होतं. कुलूप, भांडी, डब्यातल्या गोळ्या, सगळंच. लाजेने मी तोंड पदरात घातलं. तो काही उठून गेला नाही.

बाहेर सगळे “आमेन” म्हणाले. आणि आतून मीही म्हणाले, सवयीने, शाळेतल्या खड्या आवाजात.

 मग दाराच्या फटीजवळ मावशींचा आवाज आला.

“बाई? आतच हाय का तुमी?”

“हो.”

“बरं न्हाई का?”

काही झालं नाही, जरा डोकं दुखतंय, असं म्हणता आलं असतं. महिनोन्‌महिने मी तेच सांगत आले होते.

“नाही,” मी म्हणाले. “बरं नाही, मावशी. दिवाळीपासून बरं नाही.”

“मग सांगितलं कावून न्हाई?”

“लाज वाटली.”

किल्ली माझ्या मुठीत होती. परसदाराने जाऊन कुलूप काढायला हवं होतं, पण उठायचंच जिवावर आलं होतं, आणि तेही मी त्यांना सांगून टाकलं. बाहेर कुजबुज झाली. मग मावशी जमिनीवर टेकल्या, त्यांच्या गुडघ्यांचं कुरकुरणं मला ऐकू आलं.

“ऱ्हाऊ द्या कुलूप,” त्या म्हणाल्या. “आमी हितंच बसतो.”