दोन युनिटची शाबासकी

मोरेश्वरकाकांचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. जयपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या जिन्यात आठ घरं, आणि आठही मीटर खाली, जिन्याखालच्या भिंतीवर. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा अमरावतीचा माणूस रोज सकाळी सातला चष्मा कपाळावर चढवून आठही आकडे टिपायचा. मग कोणी किती युनिट जाळली ते शेजारच्या तक्त्यावर लिहायचा. आमच्याकडे एसी, त्यामुळे आमचा आकडा कायम लाल शाईत.

“मनीषा, बावीस! काय करून राहिली तू?” असं भर जिन्यात विचारायचे. बँकेत माझ्या हाताखाली बारा माणसं, आणि इथे मी शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून सटकायची.

खोटं कशाला बोलू, माणूस ढोंगी नव्हता. पुण्याच्या नातीनं, तनयानं, एकदा फोनवर विचारलं होतं, “आजोबा, मी तुमच्याएवढी होईन तेव्हा उन्हामुळे जयपूरला राहता तरी येईल का?” ते त्यांनी फार मनाला लावून घेतलं. स्वतः मे महिन्यात ओला पंचा खांद्यावर टाकून नुसत्या पंख्याखाली बसायचे. कूलर किती खातो, पंखा किती, फ्रिज किती, याचा एक कागद त्यांनी घरोघरी वाटला होता. त्याच्या तळाशी ठळक अक्षरात: खोलीतून बाहेर पडताना बटण बंद.

तो कागद मनापासून पाळला फक्त माझ्या समोरच्या इंदुमतीकाकूंनी. निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या. मुलगा परीक्षित बंगळुरूला. कूलर धरून त्यांची रोजची सात युनिट.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी काका ओरडतच वर आले. “इंदुमतीबाईंनी मला हरवलं! दोन युनिट!” दुपारी त्यांनी चिठ्ठी लिहिली, ‘अभिनंदन! असंच चालू द्या,’ आणि काकूंच्या दाराखालून आत सरकवली. झोपल्या असतील म्हणून बेल वाजवली नाही. शनिवारी पुन्हा दोनच. मला म्हणाले, “शिक जरा.” मी चिडून दार आपटलं आणि एसी लावला.

त्या दुपारी काकूंची कामवाली गावाहून परतली. बेल वाजवून थकली आणि माझ्याकडे आली. आम्ही दार तोडलं. काकू न्हाणीघरात पडल्या होत्या. खुबा मोडलेला, तोही गुरुवार सकाळपासून. बादलीतल्या पाण्यावर त्या टिकल्या होत्या.

हॉस्पिटलात मीच बसले होते. काकू ओठ हलवत होत्या, मी कान जवळ नेला. “न्हायला जाताना कूलर बंद केला होता हं मी,” त्या म्हणाल्या. “मोरेश्वरभाऊंना सांग.” मग बऱ्याच वेळानं, “ते चिठ्ठी टाकायला आले तेव्हा हाक मारली. आवाजच पुरला नाही.” परीक्षित पोचला तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. रविवारी गेल्या.

काकांना मी कूलरचं सांगितलं. हाकेचं नाही सांगितलं. सांगणारी मी तरी कोण? समोरच्याच घरात मी होते, एसी लावून, दारं-खिडक्या घट्ट बंद करून. मला शरम वाटते, अजून वाटते.

काकांनी तक्त्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं. “दोन म्हणजे नुसता फ्रिज,” ते म्हणाले. “पंखासुद्धा नाही. मे महिन्यात! मला माहीत होतं, मनीषा. मीच तर सगळ्यांना लिहून दिलं होतं.”

तक्ता त्यांनी त्याच दिवशी काढला. मीटर मात्र ते अजून रोज सातला बघतात. ऑगस्टमध्ये आम्ही कोणाला न सांगता दोन दिवस अजमेरला गेलो होतो. परतलो तेव्हा खालच्या मजल्यावरची प्रणिता जिन्यातच भेटली, तिनं सांगितलं. आमचा एकदम उतरलेला आकडा बघून काका वर धावले होते. कुलूप दिसत असूनही दोन्ही हातांनी दार बडवत राहिले. तिनं त्यांना ओढून खाली नेलं तेव्हा बोटं सोलवटली होती. दाराला तोंड लावून एकच म्हणत होते, “मनीषा, आवाज दे. हळू असला तरी चालेल, मी ऐकून राहिलो.”