टाळी वाजली की उठायचं

आता काय सांगू, कपाळ! माझी नात केतकी झांबियात गणित शिकवते. तिकडे येणाऱ्या मराठी पाहुण्यांसाठी ती त्या देशाची ओळख लिहितेय. म्हणते, "आजोबा, सुरुवात तुमच्या फजितीने करायची. लिहून पाठवा." अगं, मी चौथी नापास! बनारसमधून उठलो तर फार तर प्रयागला जाणारा माणूस. आणि मी आफ्रिकेची ओळख करून देऊ? पण नातीपुढे कुणाचं चाललंय? घ्या, वाचा आणि हसा.

झालं असं. केतकीला नोकरी देऊ करणाऱ्या शाळेच्या हेडबाई, मुलेंगाबाई, काशी बघायला आल्या. केतकीने मला आधीच सांगून ठेवलेलं, "आजोबा, तुम्ही हो म्हणालात तरच जाईन." म्हणजे पोरीचं सगळं माझ्या जिभेवर!

बाई घरी येणार म्हटल्यावर माझा पुतण्या मुकुंदा धावत आला. बँकेत आहे. मोबाइलवर जे दिसतं ते सगळं त्याला कळतं.

"काका, झांबियात टाळीला फार महत्त्व. टाळी वाजली की लगेच उठायचं, आणि..."

"पुरे! कळलं."

न कळायला काय झालं? जुने सरदार हवेलीत नोकराला असेच टाळी वाजवून बोलावत. तसलंच काहीतरी!

बाई आल्या. केतकीने त्यांना आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरात बसवलं आणि गंगेत फिरायला होडी ठरवायला घाटावर गेली. मला इंग्रजी येत नाही, बाईंना मराठी. बाईंनी माझ्यापुढे गुडघा टेकला, नजर खाली, तळहातांची ओंजळ करून हळूच टाळी. थप, थप.

आलं लक्षात. चहा!

उठलो. दिला. बाईंनी दोन्ही हातांनी घेतला, प्याल्या. कप ठेवला. थप, थप.

पुन्हा? बरं बाई. कचोरी दिली. संपवली. थप, थप. जिलबी दिली. थप, थप. श्रीखंड! थप, थप. माझ्याकडे बघणं तर सोडाच, मान खालीच. काय हा तोरा!

स्वयंपाकघरातून सून ओरडली, "बाबा, पाहुणीचा जीव घेताय का?"

"मी घेतोय? अगं ती थांबेना! पुऱ्या तळ!"

पुऱ्या आल्या. बाईंच्या कपाळावर घाम. एक हात पोटावर. तरी थप, थप! मी मनात म्हटलं, पोटात जागा नाही, पण हुकूम सोडवत नाही. असल्या लोकांत पोरगी धाडू?

तेवढ्यात केतकी आली. मी फुटलोच. "तू जायचं नाहीस! म्हाताऱ्याला टाळ्या वाजवून पळवतात, डोळ्याला डोळा भिडवत नाहीत!"

पोरीचा चेहरा पडला. ती बाईंशी बोलली. बाई कशाबशा काहीतरी पुटपुटल्या. केतकी जमिनीवरच बसून हसायला लागली.

"आजोबा, त्या विचारताहेत, तुमच्यात 'पुरे' कसं म्हणतात? त्यांच्यात थोरांनी दिलेलं नाकारत नाहीत. टाळी म्हणजे 'उपकार झाले'. आणि थोरांच्या डोळ्यांत डोळे घालणं तिकडे उद्धटपणा!"

म्हणजे बाई आभार मानत होत्या, आणि मी आभाराला पुरी वाढत होतो!

सुनेने ओव्याचं पाणी आणलं. बाईंनी तेही प्यायलं, आणि... थप, थप. मी जागचा हललो नाही.

मग विचार केला. शाळेची हेडबाई, माझ्यासारख्या अडाण्यापुढे गुडघा टेकते. पोट फुटेल, पण म्हाताऱ्याचं मन मोडत नाही. तिथे माझी पोर परकी कशी राहील? म्हटलं, "जा." केतकी गळ्यातच पडली.

स्टेशनवर बाईंना निरोप देताना ठरवलं, आपणही त्यांच्या रीतीने करू. गुडघा टेकला, ओंजळ केली, थप, थप. हमाल धावत आला.

"केतना सामान बा, बाबूजी?"

सामान म्हणजे मीच! गुडघा अडकलेला. शेवटी त्यानेच उचललं मला. बाई हसून हसून रडल्या.

तर झांबियाला जरूर जा. केतकी सांगते, तिथल्या धबधब्याची गर्जना कोसभर आधी ऐकू येते. आधी रामराम करा, मग काम सांगा. आणि टाळी वाजली की बसून राहा!

मुकुंदा म्हणतो, "काका, 'आपणही टाळी वाजवायची' हेच पुढे सांगणार होतो. तुम्हीच 'पुरे' म्हणालात." म्हणालो असेन. म्हणून लगेच गप्प बसायचं? ती बाई जीव जायची वेळ आली तरी 'पुरे' म्हणाली नाही, आणि हा माझ्या एका 'पुरे'ला थांबला! माफी त्यानेच मागायची आहे. अजून मागितलेली नाही. मुकुंदाने.