पाचवा हूक

कांताबाईंनी कबूल केलेल्या दिवशी ब्लाउज दिला असं सांगणारी बाई आमच्या जरीपटक्यात अजून जन्माला यायची आहे. तरी त्यांचं गिऱ्हाईक तुटत नाही, कारण ब्लाउज मागायला गेलं की त्या गोष्ट सांगतात. शिलाई मशीनवर त्यांची एक जाडजूड कादंबरी कायम पडलेली असते. तिच्यात एक म्हातारी राणीची गोष्ट सांगते, त्या गोष्टीतली राणी नावाड्याची सांगते, नावाडी आणखी कोणाची. एक गोष्ट उघडली की कांताबाई पदराला एक टाचणी लावतात, मिटली की काढतात. सहा टाचण्या झाल्या की समोरची बाई कशाला आली होती तेच विसरते आणि हात हलवत घरी जाते.

मीही कितीदा तशी गेलेली आहे. पण परवा माझं साक्षगंध होतं. संध्याकाळी सहाला प्रीतम मला अंगठी घालणार, आणि दुपारी दोनला माझ्या ब्लाउजला बाह्याच नव्हत्या.

"काकू, आज गोष्ट नका सांगू," मी दारातूनच बजावलं.

"नाही सांगत वं मेघा. बस. बाह्याच तर राहिल्या. तर त्या राणीचा हार चोरीले गेला..."

माझं डोकंच फिरलं. कांताबाई दोऱ्याचं रीळ शोधायला वळल्या तशी मी कादंबरी उचलली आणि सरळ शेवटचं पान वाचून टाकलं.

"चोर कोण ते मला कळलं, काकू. तुम्ही शिवा, झालं की सांगते."

मी त्यांच्या ताटातला घास उचलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मशीन जे सुरू झालं ते थांबेना. बाह्या लागल्या, चार हूक लागले. पाचवा चिमटीत धरून कांताबाई थांबल्या.

"आता चोर सांग."

"आधी हूक."

"आधी चोर."

दोघीही हट्टी. साडेचार वाजले तसा मी ब्लाउज ओढून घेतला आणि तरातरा निघाले. पाचव्या जागी सेफ्टी पिन लावून हॉलमध्ये उभी राहिले. आई म्हणाली, पदर घट्ट ओढून घे, कोण पाहतं. प्रीतमने अंगठीची डबी उघडली आणि दारात कांताबाई दिसल्या. अंगावर ठेवणीतली, इस्त्रीची पांढरी साडी, हातात दोरा ओवलेली सुई.

"दोन मिनिटं थांबा जी जावईबापू," म्हणत त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि सेफ्टी पिन काढली. "सांग."

"जी म्हातारी सगळ्यांना गोष्टी सांगत बसते ना, तिनेच हार चोरला."

"माहीत आहे मले," त्या हूक टाचत म्हणाल्या. "चौथ्यांदा वाचून राहिली मी."

"मग मला काहून अडवलं?"

"तुझा शाळेचा पहिला फ्रॉक मी शिवला. अन् साक्षगंधाले साधं तोंडानं बोलावलं नाही तू मले. म्हटलं, हूक ठेवून घेऊ. लावाले तरी जावं लागन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापड देताना मी गळा, बाह्या, मागची लटकनं, सगळं बोलले होते. 'या' एवढंच राहिलं होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं आणि होणाऱ्या सासूबाईंच्या शेजारी पहिल्या रांगेत बसवलं.

ती माझी दुसरी चूक. अंगठी घालायची वेळ आली तर सासूबाई म्हणतात, "थांब गा प्रीतम, नावाड्याचं काय झालं ते ऐकू दे."

प्रीतम अंगठी धरून उभा. कांताबाईंच्या पदराला तीन टाचण्या लागल्या होत्या, आणि त्या चौथी शोधत होत्या.