पंचवीस खजूर आणि चोवीस बिया

स्वातंत्र्याच्या आदल्या श्रावणातली शिळी सात. जळगावच्या आमच्या घरात त्या दिवशी चूल बंद होती, आणि सकाळी नऊ वाजता निरोप आला की दुपारी चारला मला बघायला पाहुणे येतायत...

पाहुणे साक्रीचे. खरं तर ते दिवाळीनंतर यायचे होते. पण मुक्ताबाईच्या दर्शनाला एदलाबादला गेले होते, परतताना जळगाव वाटेतच, तेव्हा संध्याकाळच्या गाडीआधी मुलगी बघून जाऊ, असं त्यांनी ठरवलं. पाच माणसं होती. मी सोळा वर्षांची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिळ्या सातेला शीतळादेवीसाठी चूल थंड ठेवतात, आदल्या दिवशी केलेलं खातात. म्हणजे चहा नाही, पोहे नाहीत, शिरा नाही. आणि कालच्या पुऱ्या होणाऱ्या व्याह्यांसमोर कशा ठेवायच्या?

बाबा म्हणाले, एवढ्यापुरती चूल पेटव, देवी समजून घेईल. आईने चुलीपुढचा पाट उचलून बाजूला ठेवला. माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना देवीच्या साथीत गेला होता... त्यानंतर आमच्याकडे या दिवशी कधी काडीसुद्धा ओढली गेली नव्हती. बाबांनी परत विषय काढला नाही.

मग मीच म्हटलं, केळी भरते. मामांनी रावेरहून पाठवलेला घड माजघरात टांगलेला होता, वरच्या दोन फण्या नेमक्या पिकल्या होत्या. बाबा बाजारातून खजूर घेऊन आले.

साखर रेशनची, ती संपलेली. म्हणून गूळ बारीक चिरला, त्यात किसलेलं खोबरं, चारोळी, वेलची घालून हाताने मळलं. केळी सालासकट उभी चिरायची, तळाशी सोडून द्यायची, सारण दाबून भरायचं आणि वरून लिंबाचे दोन थेंब... नाहीतर तासाभरात काळी पडतात. खजूर एका बाजूने चिरून बी काढायची आणि तिच्या जागी तेच सारण. पाच माणसांना पाच पाच, असे मोजून पंचवीस खजूर भरले. बिया एका वाटीत टाकत गेले.

पाहुणे वेळेवर आले. मुलाचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत. मुलाची आजी, म्हणजे अक्का. दोन काका, आणि खुद्द मुलगा, जो पूर्ण वेळ सतरंजीच्या कडेकडे बघत होता. चूल बंद असल्याचं आईने सांगितलं, तेव्हा अक्कांनी मान हलवली. त्यांच्याकडेही पाळतात म्हणाल्या.

मला नाव विचारलं, किती शिकले ते विचारलं, शिवण येतं का विचारलं. मी खाली मान घालून उत्तरं दिली, बशा दिल्या आणि पाणी आणायला आत आले.

आत आई ओटा आवरत होती. बियांची वाटी टाकून दे म्हणाली. उगाच चाळा म्हणून मी मोजल्या... चोवीस. परत मोजल्या. चोवीसच.

पाटाखाली बघितलं, सुपाखाली बघितलं. नव्हती. म्हणजे एका खजुरात बी तशीच राहिली होती, आणि बाहेर अक्का बसल्या होत्या, त्यांच्या तोंडात पुढचे दोन दात उरलेले. आईला सांगितलं. ती हळूच म्हणाली, गप्प बस. लागली तर काढून ठेवतील. बघायला आलेल्या लोकांसमोर आपणहून चूक सांगायला जाऊ नकोस.

ती बरोबरच सांगत होती. मी तांब्या उचलला, बाहेर गेले, पाणी ठेवलं. अक्कांच्या बशीत अजून तीन खजूर होते, त्यातला एक त्यांनी हातात घेतला होता.

"अक्का, जरा जपून खा. एका खजुरात बी राहिलीय माझ्याकडून."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, संपलं.

तेवढ्यात नानांनी उपरण्याच्या टोकाची गाठ सोडली. आतून बी काढली आणि बशीत ठेवली.

"माले पहिलाच खजूरमा सापडनी," ते म्हणाले. एवढंच. म्हणजे मघापासून त्यांनी ती बांधून ठेवली होती, कोणाला दिसू नये म्हणून... आणि मी येऊन सगळ्यांना सांगून बसले होते.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "मंग सांगाले कसाले उनी, बाई?" सांगायला कशाला आले, ते विचारत होत्या.

मी म्हटलं, "तुमचे दात..."

हातातला खजूर त्यांनी सावकाश खाल्ला, मग उरलेले दोनही. गाडीची वेळ झाली, मंडळी उठली. पसंती-नापसंतीबद्दल एक शब्द नाही. त्या रात्री आई माझ्याशी बोलली नाही, आणि मलाही तिचा राग आला नाही.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. नानांच्या अक्षरात चार ओळी होत्या. मुलगी पसंत आहे, मार्गशीर्षातली तिथी बघावी. खाली अक्कांनी सांगून लिहवलेलं... केळी फार छान झाली होती.

खजुराचं काहीच लिहिलं नव्हतं.

मी त्या घरात सत्तेचाळीस वर्षं काढली. नाना, अक्का, सतरंजीकडे बघणारा तो मुलगा, आता कोणी नाही. खजुराचा विषय त्या घरात कोणी एकदाही काढला नाही, आणि त्याबद्दल आभार मानायचं माझ्याकडून राहूनच गेलं... ते आज मानते.