जांबाच्या आळ्यात ओतलेलं शहाणपण

ज्या हातानं पोराला भरवायचं, त्याच हातानं त्याचा गळा आवळणाऱ्याला तुम्ही शहाणा म्हणाल का? आसगावात नत्थूला म्हणतात.

त्याची बायको आनंदाबाई. धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या वर, पाणी न ठरणाऱ्या भरड जमिनीवर तिनं जांबाची, म्हणजे पेरूची कलमं लावली, तलावातून घागरी वाहून जगवली. नत्थूची सेवा वेगळी. धानावर करप्याचं औषध फवारलं की पंपात उरलेलं तो जांबाच्या आळ्यांत ओतायचा. उरलेली पेज ढोराला, उरलेलं औषध झाडाला! वर ऐकवायचा, "झाडालेबी ताकद भेटते."

कसली ताकद? करप्याचं औषध म्हणजे बुरशीला विष. आणि जांबाच्या मुळांत एक उपकारी बुरशी राहते. डोळ्यांना दिसत नाही, पण मूळ पोचत नाही तिथलं अन्नपाणी ओढून झाडाला देते. असा बिनपगारी गडी नत्थूनं स्वतःच्या हातानं मारला.

झाडं पिवळी पडली. मग कृषी केंद्राच्या मधुकररावांनी अक्कल पाजळली: मुळांसाठी जिवंत बुरशीची पुडी, आणि मर रोगासाठी बुरशीनाशकाची बाटली. नत्थूनं दोन्ही एकाच दिवशी, एकाच आळ्यात घातली. विकणारा धन्य, घेणारा त्याहून धन्य! पानं गळायला लागली तसा हा बाग उपटायला ट्रॅक्टर सांगून आला.

आनंदाबाई पुडी आणि बाटली घेऊन तडक दुकानात गेली.

"मधुकरराव, या पुडीत काय हाय?"

"जित्ती बुरशी, बाई. मुळाले जोर देते."

"अन् बाटलीत?"

"ते बुरशी मारते, करप्याच्या औषधावानी."

"म्हंजे जावयाले जेवाले बोलवाचं, अन् दारात कुत्रं सोडाचं!"

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. मधुकरराव चिडले, "कंपनीवालेच दोन्ही देऊन राहिले, मी काय करू?"

"त्याइले इचारा ना! विकाले लाज नाही वाटत, इचाराले वाटते?"

ती परतली तेव्हा ट्रॅक्टर धुऱ्यावर, बागेच्या बांधावर उभा होता. ती वाट अडवून उभी राहिली.

"अवो, तलावाकडची ओळ पाहा. ते हिरवी काहून हाय?"

"तिकडं जमीन चांगली हाय," नत्थू गुरगुरला.

"जमीन तेच हाय. तिथवर पंप न्याचा तुमाले कंटाळा येते, म्हणून वाचली ते!"

ट्रॅक्टरवरचा तुलाराम खो-खो हसला. "नत्थूभाऊ, तुमच्या आळसानंच बाग राखली म्हना!"

नत्थूचं तोंड एवढंसं झालं. "ने रे ट्रॅक्टर," तो म्हणाला, आणि बायकोला, "कर तुह्या मनचं. फळ नाही आलं तं माह्याजवळ रडू नोको."

ती कशाला रडते! तिनं आळ्यांत शेणखत घातलं, वर तणस, धानाचा पेंढा, पसरली, पंपाला भरडीवर पाय ठेवू दिला नाही. मेलेली झाडं मेलीच. उरलेल्यांना हळूहळू पालवी फुटली. आणि नत्थू? पानठेल्यावर सांगतो, बाग मीच वाचवली!

असे नत्थू गावोगाव आहेत, कदाचित तुमच्या घरातही. म्हणून एवढं करा: औषध लागेल तेवढंच कालवा, आणि फळझाडाच्या आळ्यात त्याचा थेंबही ओतू नका.