मराठीत वाचून सांगितले

"मला इच्यारलाव का?"

चहात साखर घातली की ती हे म्हणायची. पंखा लावला, खिडकी लोटली, ताटात दुसरी भाकरी वाढली, की भुवई वर करून तेच. एकदा बसच्या कंडक्टरनं तिची पिशवी उचलून मागं ठेवली. हिनं ती परत आणायला लावली, "मॅडम, मागं ठेवू का?" असं त्याच्याकडून म्हणवून घेतलं आणि मग स्वतःच त्याच्या हातात दिली. तो कन्नडमध्ये काही पुटपुटला.

"काय म्हणाला गं?" मी विचारलं.

"डोकं फिरलंय म्हणाला. पण इच्यारलं की न्हाई?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्या खोडीला आपण हसतो आणि ती कुठून आली हे विचारत नाही. मीही बरेच दिवस हसलो.

ती सीमेवरच्या भालकी तालुक्यातल्या मेहकरची. गुलबर्ग्यात शाळेत विज्ञान शिकवायची आणि आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहायची. आमच्या गल्लीत सगळा कारभार कन्नड नाहीतर उर्दूत. मराठी ऐकणारा कान म्हणून तिनं मला धरलं, कारण ती कादंबरी लिहीत होती. नववी-दहावीच्या पोरांसाठी, पुढच्या काळातली, विज्ञानाची.

"इथं मराठीत कोण वाचणार, माय?"

"तुमी हाव की, अप्पा. एक झाला."

कादंबरीतल्या शहरात प्रत्येक श्रीमंत मुलामागं प्रयोगशाळेत एक हुबेहूब जोड वाढवलेली असते. मूळ मुलाचं काही बिघडलं की तेच जोडीच्या अंगातून काढून बसवायचं. नायिका अशीच एक जोड. तिला स्वतःचं नाव नाही. मूळ मुलीच्या नावापुढं 'दुसरी' लावायचं, एवढंच. एक दिवस ती आपले कागद बघायला मागते. संध्याकाळी ओट्यावर बसून ही मला प्रकरणं वाचून दाखवायची, आणि मी वहीच्या समासात लाल पेनानं शुद्धलेखन सुधारायचो. "माणसं मारायचं काम माझं, वेलांट्या तुमच्याकडं," म्हणायची.

"हे सुचतं कसं तुला?" मी एकदा विचारलं.

तिनं सरळ सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना थोरल्या बहिणीला रक्ताचा आजार झाला. चारमिनार दाखवतो म्हणून हिला हैदराबादला नेलं आणि हिच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून बहिणीला दिली. बहीण वाचली. आता दुबलगुंडीत नांदते, दोन लेकरं आहेत.

"गावात माझं नाव कुणी घेत न्हाई. अक्काला वाचवलेली ती हीच का, म्हणतेत. मास्तरीण झाले तरी तेच."

"पण बहीण जगली की."

"मी न्हाई म्हटलं असतं असं वाटायलंय का तुमाला? व्हयच म्हटलं असतं. मग ते मी दिलेलं राहिलं असतं, अप्पा. आता ते घेतलेलं हाय."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. कारण मी तेव्हा हैदराबादच्या त्याच दवाखान्यात कामाला होतो, आणि मेहकरच्या त्या दोन बहिणी मला आठवल्या. भालकी, हुमनाबादकडून आलेल्या मराठी माणसांना इंग्रजी फॉर्म वाचून सांगायचे, खाली 'मराठीत वाचून सांगितले' असं लिहून नाव न कळणारी सही ओढायची, हे माझं काम. तिच्या फॉर्मवर एक ओळ होती: मुलीला तिच्या भाषेत समजावून तिचा होकार घेतला आहे. ती मी तिच्या वडिलांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "मग तिला इच्यारून येतो." आतून डॉक्टर हाका मारत होते, बाहेर रांग होती. मी म्हणालो, "लेकराला काय इच्यारायचं, अण्णा? घाबरंल. करा सही." त्यांनी सही केली. होकाराच्या चौकटीत खूण मी केली.

हे मी तिला सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणत राहिलो.

कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात ती जोड एका म्हाताऱ्या कारकुनाला शोधून काढते. त्यानंच तिचे कागद भरलेले असतात.

"त्यानं काय म्हणावं, अप्पा?"

"म्हणेल, रोज इतके कागद यायचे, कुणाचं काय आठवणार."

तिनं ते लिहून घेतलं. मग वहीकडं बघत राहिली. "लई सोप्यात सुटायलाय की ओ ह्यो."

त्या उन्हाळ्यात तिचे वडील वारले. दिवस करून परत आली ती एक जुना कागद घेऊन, दवाखान्यातल्या त्या फॉर्मची प्रत. त्यांच्या ट्रंकेत मिळालेला. तिनं तो ओट्यावर ठेवला आणि शेजारी वही उघडली. समासातली माझी लाल अक्षरं आणि कागदाखालची 'मराठीत वाचून सांगितले' ही ओळ. माझ्या 'ठ'ला खाली उगीच एक शेपूट येतं. दोन्हीकडं होतं.

"भांडायला आले न्हाई," ती म्हणाली. "एवढंच सांगा. बाबा मला इच्यारतो म्हणाले होते का?"

तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. हे सांगू शकणारा जगात मी एकटाच उरलो होतो.

"माझं अक्षर न्हाई ते, माय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, कागदाची घडी घातली आणि गेली. महिनाअखेरीला खोली सोडली. शाळेत विचारलं तर राजीनामा दिल्याचं कळलं. फोन लागत नाही. वही तेवढी माझ्या खिडकीत ठेवून गेली. शेवटच्या प्रकरणात कारकुनाचं ते वाक्य खोडलेलं आहे, आणि त्याच्यापुढं एक कोरं पान.

तिचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. लिहायचं तर तिला विचारावं लागेल.

आज त्या कोऱ्या पानावर लाल पेनानं लिहिलं: व्हय, अक्षर माझंच. तुझे बाबा नुसते म्हणाले नाहीत, खुर्चीवरून उठले होते. दारापर्यंत गेले होते. तू बाहेर बाकड्यावर बिस्कीट खात पाय हलवत होतीस, आणि ते चौकटीला हात लावून तुझ्याकडं बघत उभे होते. मी त्यांना हाक मारून परत बसवलं.