वेढे मोजणारा

पारोळ्यात तो विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार घालून भरून देतो. तांब्याची तार गुंडाळताना ओठांतल्या ओठांत वेढे मोजतो. मध्येच कोणी बोललं, तर नुसता डावा हात वर करतो. मला त्या हाताचा राग यायचा.

माझी मोटार भरताना त्याची आई गेल्याचा फोन आला. मी समोरच बसलो होतो. त्याने फोन खाली ठेवला, उरलेले वेढे मोजून पूर्ण केले आणि मगच उठला. काय दगड माणूस, असं वाटलं.

तेराव्यानंतर गेलो, तर तो तीच तार उलगडत होता.

“अहो, झालं होतं ना ते?”

“व्हई बराबर. पन तवय मन्हं ध्यान नव्हतं, भाऊ.”

तो पुन्हा एकपासून मोजू लागला. या वेळी त्याने हात वर करायच्या आतच मी गप्प झालो.